रॉटवायलर आहे म्हणून घाबरू नका, आधी मालकाचं ट्रेनिंग करा (कोथरूडच्या ट्रेनरचा अनुभव)

आमची शेरी, दोन वर्षांची रॉटी, चाळीस किलो. मार्च 2024 मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या 23 जातींवर बंदीचं पत्रक काढलं त्यात रॉटवायलर, पिटबुल सगळे होते, आणि लगेच सोसायटीच्या ग्रुपवर "हिला हलवा" सुरू झालं. एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते पत्रक रद्द केलं, पण शेजारच्या काकूंना कोर्टाचं काय सांगणार, त्या लिफ्टमधे शिरतच नव्हत्या.

मग हे घरी येणारे ट्रेनर दादा लावले, दहा सेशन. पहिल्या दिवशी शेरीला हातही नाही लावला, तासभर मलाच झापलं, लीश कसा धरता, दार उघडताना तिला पुढे का जाऊ देता वगैरे. खरं सांगायचं तर राग आला होता. पण बास्केट मझल (टोपलीसारखं जाळीचं मुसकं) त्यांनी चीज लावून लावून असा सवयीचा केला की आता ती स्वतःहून तोंड घालते, आणि त्यात जीभ बाहेर काढून धापता येतं, पाणी पिता येतं, कापडी पट्टीत ते जमत नाही.

कुत्र्याबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, ती जात बघून नाही तर मालक बघून, हेही त्यांनीच सांगितलं.

वेळ मात्र पाळत नाहीत, दोनदा पाऊण तास उशीर. एक स्टार कापला. काकू अजून लिफ्टमधे येत नाहीत, पण परवा बिस्किट विचारून गेल्या.