जुन्याच मापाचा पुशरॉड की मोजून घेतलेला?

सांगलीत ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरचं इंजिन उघडलं की हेड फेसिंग (सिलिंडर हेडचा तळ घासून सपाट करणं) ठरलेलंच. इंजिन बांधताना मग प्रश्न येतो: जुन्या मापाचे पुशरॉड (कॅमची हालचाल रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांडीपर्यंत, नेणाऱ्या सळया) टाकायचे की लांबी नव्याने मोजायची?

जुन्या मापाचा रॉड लगेच मिळतो, स्वस्त पडतो. हेड, गॅस्केटची जाडी, कॅम, व्हॉल्व्हची सीट यांतलं काहीच बदललेलं नसेल, तर तोच टाका. पण हेडवरून ०.५ मिमी काढलं आणि गॅस्केटही ०.३ मिमी पातळ आलं, तर हेड ०.८ मिमी खाली बसतं आणि रॉड तेवढा लांब ठरतो. उलट कॅम ग्राइंड करून बेस सर्कल (कॅमचा उंचवटा नसलेला गोल भाग) लहान झालं, तर तोच रॉड आखूड पडतो. रॉकरवरच्या टॅपेट स्क्रूने क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) जुळतो, पण रॉकरचा कोन चुकलेलाच राहतो. रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर कडेला घासतो आणि व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ते गाईड एका बाजूने झिजतं.

मोजायला लांबी कमी-जास्त होणारा चेकिंग पुशरॉड लागतो. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर फासा, क्लिअरन्स लावा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि रॉकरने पुसलेला पट्टा बघा. तो अरुंद आणि मध्याजवळ येईपर्यंत लांबी बदला. हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने फट आपोआप भरणारा) व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली दबतो, म्हणून तिथे हलकी चेकिंग स्प्रिंग लावून शून्य क्लिअरन्सची लांबी काढायची आणि त्यात कंपनीने दिलेला प्रीलोड (टॅपेटचा आतला भाग जेवढा दाबून ठेवायचा ते अंतर) मिळवायचा.

वेळ जातो, खरंय. तरीही फेसिंग झालेल्या हेडवर मी मोजल्याशिवाय रॉड बसवू देणार नाही.