डबल सायलेन्सर आणि '२०१४ मॉडेल': सेकंड हँड मोटोक्रॉस बाइक घेण्याआधी हे वाचा

तुर्भे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात झालेला हा सौदा. घेणारा कळव्याचा तरुण. चार वर्षं एक्सपल्स (हिरोची रस्त्यावर आणि कच्च्या वाटांवर चालणारी बाइक) चालवून झाली होती, आता जंगलवाटांसाठी खरी डर्ट बाइक हवी होती. जाहिरात मोटोक्रॉस गाडीची होती, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी बनलेल्या गाडीची. तिच्यात लिहिलं होतं, 'होंडा सीआरएफ २५० आर, २०१४ मॉडेल, फक्त ३० तास चाललेली, इम्पोर्टेड, ट्रेलसाठी एक नंबर.' सांगितलेले ३,४०,००० घासाघीस करून ३,१०,००० वर आले. त्यातले २५,००० टोकन म्हणून गाडी बघण्याआधीच यूपीआयने गेले, बाकीचे रोख. तिसऱ्याच राइडला गाडी बंद पडली. इंजिन उघडल्यावर काय निघालं आणि त्यातलं काय काय आधीच कळलं असतं, ते सगळं इथे लिहीत आहोत.

पहिलं खोटं मॉडेलच्या वर्षाचं. गाडीला दोन सायलेन्सर होते आणि २०१४ च्या सीआरएफ २५० आरलाही दोनच होते, म्हणून घेणाऱ्याला शंका आली नाही. पण याच गाडीच्या २००६ ते २००९ च्या मॉडेललाही दोन सायलेन्सर होते. मधल्या चार वर्षांत एक होता, २०१४ ला पुन्हा दोन आले. हा घोळ विकणाऱ्याला नेमका माहीत होता. नवं स्टिकर किट, नवं सीट कव्हर आणि नव्या ग्रिप लावल्या की आठ वर्षांचा फरक फोटोत दिसत नाही. तो दिसतो टाकीखाली. २०१० पासून या मॉडेलला फ्युएल इंजेक्शन आहे, आणि या गाडीला होता कार्ब्युरेटर. टाकीखाली वाकून बघायला अर्धा मिनिटही लागलं नसतं.

दुसरी खूण हँडलच्या मानेवर, चासी नंबरात. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या गाडीचा नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. २००१ ते २००९ साठी १ ते ९ आकडे, २०१० ला ए, २०११ ला बी, असं करत २०१४ ला ई. या गाडीच्या नंबरात दहाव्या जागी ६ होता. जाहिरातीत मानेचा फोटोच नव्हता. फोनवर मागितला तर उत्तर आलं, 'दादा, गाडी पॅक करून ठेवलीय, आलात की बघा.' गाळ्यावर गेल्यावर तिथे केबल टायने बांधलेला वायरिंगचा गुच्छ होता. तो बाजूला करून बघायला कोणाला सुचलं नाही.

कागद म्हणून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सला द्यायच्या कागदाची, झेरॉक्स दिली. 'न्हावा शेवातून सुटलेली गाडी आहे, मूळ कागद एजंटकडे आहेत, पंधरा दिवसांत येतील.' झेरॉक्सवर चासी नंबराचे शेवटचे सहा आकडे शेजारच्या ओळीपेक्षा किंचित जाड आणि किंचित खाली होते. बिल ऑफ एंट्रीचा नंबर, तारीख आणि बंदर हातात असेल तर कस्टम्सच्या आयसगेट पोर्टलवर त्याची स्थिती पाहता येते. न्हावा शेवाचा कोड आयएनएनएसए१. शिवाय एक साधा हिशोब करा. तीन वर्षांपेक्षा जुनं वापरलेलं वाहन आपल्याकडे आयात करता येत नाही. म्हणजे २००६ ची गाडी २०१४ च्या कागदावर आली असेल, तर एक तर कागद खोटा किंवा गाडी दुसरी. 'आरटीओ पासिंग करून देतो' हे आश्वासनही पोकळ. मोटोक्रॉस बाइक रस्त्यासाठी बनतच नाही. तिला हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, आरसे काही नसतं आणि तिचं रजिस्ट्रेशन होत नाही. कोणी एमएच-०४ किंवा एमएच-४३ ची आरसी दाखवली, तर ती कोणत्या मॉडेलची आहे ते एमपरिवहन अॅपवर बघा आणि चासी नंबर अक्षर न् अक्षर जुळवा.

आता इंजिन. घेणारा पोहोचला तेव्हा गाडी आधीच चालू करून बंद केलेली होती. 'तुम्हाला किक मारायचा त्रास नको म्हणून गरम करून ठेवली.' इथेच परत फिरायला हवं होतं. फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस इंजिनाचा आजार थंड असतानाच उघडा पडतो. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा) टायटॅनियमचे असतात. वजनाला हलके म्हणून इंजिन १३,००० आरपीएमच्या आसपास जाऊ शकतं, पण त्यांच्यावरचा कडक थर एकदा झिजला की व्हॉल्व्ह झपाट्याने सीटमध्ये, म्हणजे तो ज्या कड्यावर टेकतो त्यात, रुतत जातो. व्हॉल्व्ह रुतला की क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, कमी होतो. तो शून्यावर आला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि थंड गाडी पन्नास किका मारूनही सुरू होत नाही. फाटका किंवा कोरडा एअर फिल्टर आणि आपल्याकडची लाल धूळ एवढं त्यासाठी पुरतं.

विकणाऱ्याची युक्ती अशी. व्हॉल्व्ह आणि सीट बदलायच्या ऐवजी पातळ शिम (ही फट जुळवणारी छोटी चकती) टाकायचा. क्लिअरन्स पुन्हा बरोबर येतो, गाडी दोन-चार राइड नीट चालते, मग व्हॉल्व्ह परत रुततो. या इंजिनाला इनटेकचा क्लिअरन्स ०.१२ मिलिमीटर लागतो, ०.०३ कमी-जास्त चालतो. एक्झॉस्टचा ०.२८. उघडलं तेव्हा एका इनटेकला ०.०५ होता आणि दुसऱ्याला फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांची) सगळ्यात पातळ पात सुद्धा जात नव्हती. दोन्ही बकेटखालचे (व्हॉल्व्हवरच्या टोप्यांखालचे) शिम आधीच पातळ केलेले, म्हणजे ही मलमपट्टी पहिलीही नव्हती.

म्हणून गाळ्यावर पोहोचल्याबरोबर हँडलला हात लावायच्या आधी एक्झॉस्टच्या पाइपला आणि इंजिनाच्या केसला (बाहेरच्या कवचाला) हात लावा. कोमट लागलं तर 'दोन तासांनी येतो' म्हणून चहाला निघा. थंड गाडी चोक ओढून पाच-सात किकांत सुरू व्हायला हवी. सोबत फीलर गेज आणि ओळखीचा मेकॅनिक न्या. सीट आणि टाकी काढून, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या जागेला) आणून व्हॉल्व्ह मोजायला तासभर लागतो. कॉम्प्रेशन गेजवर मात्र विसंबू नका. या इंजिनांना ऑटो डिकॉम्प्रेसर असतो, किक मारताना तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो, त्यामुळे चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी दिसतो. खरी चाचणी लीक-डाउनची. सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा. फुसफुस कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ब्रीदर पाइपमधून आली तर पिस्टन रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. या परीक्षेला जो विकणारा नाही म्हणेल, त्याच्याकडून गाडी घेऊ नका.

'३० तास' हा आकडाही तोंडीच होता. अवरमीटर बाहेरून लावलेला होता आणि तो केव्हाही नवा लावता येतो. मोटोक्रॉस इंजिनाचं आयुष्य किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. इंजिनात तेल लिटरभर सुद्धा मावत नाही आणि ते ठरावीक तासांनी बदलावं लागतं. पिस्टनचंही वेळापत्रक तासांचंच. खरा वापर कुठे दिसतो? क्लच कव्हरवर बूट घासून गेलेला रंग, फूटपेगचे गुळगुळीत दात, फ्रेमवर गुडघ्याच्या उंचीला आलेली चकाकी, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या रबरी स्लायडरमध्ये चेनने पाडलेली चर. या गाडीची चर स्विंगआर्मच्या अॅल्युमिनियमपर्यंत पोहोचली होती. पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे केस कधीतरी तुटलेल्या चेनने फोडलेला, त्यावर एम-सील आणि वरून काळा स्प्रे. स्प्रॉकेटचं कव्हर दोन बोल्टांवर असतं, ते काढायला सांगायलाच हवं.

एवढं सगळं नीट निघालं असतं, तरी एक फसवणूक उरलीच असती. 'ट्रेलसाठी एक नंबर' हे वाक्यच खोटं होतं.

मोटोक्रॉसची गाडी ट्रॅकवर वीस-तीस मिनिटं पूर्ण ताकदीने पळवण्यासाठी बनते. तिचे गिअर जवळजवळचे आणि पहिला गिअर उंच असतो. झाडांमधून, दगडांवरून माणसाच्या चालीने जायचं म्हटलं की सतत अर्धा क्लच दाबून ठेवावा लागतो, क्लच जळतो आणि गाडी बंद पडते. चढावर बंद पडलेली, तापलेली फोर-स्ट्रोक किकने सुरू करणं म्हणजे काय, ते मुरबाडकडच्या एखाद्या घसरड्या चढावर कळतं. रेडिएटरला फॅन नाही, वेग कमी पडला की कूलंट उकळून बाहेर येतं. सस्पेन्शन मोठ्या उड्यांसाठी कडक, त्यामुळे मुळांवर आणि गोट्यांवर पुढचं चाक टणाटण उडतं. मागचं चाक १९ इंची, एंड्युरो गाडीचं (जंगलवाटांवरच्या लांब शर्यतींसाठी बनलेल्या गाडीचं) १८. १८ च्या टायरची भिंत उंच असल्यामुळे दगडावर रिम वाचते आणि पकड जास्त मिळते. स्टेटर (वीज बनवणारी कॉइल) जेमतेम इग्निशनपुरता, म्हणून 'लाइट लावून घ्या की झाली ट्रेल बाइक' हेही खरं नाही. स्टेटर पुन्हा गुंडाळल्याशिवाय हेडलाइट चालत नाही.

तरीही मोटोक्रॉसच घ्यायची असेल, तर हा खर्च धरूनच भाव करा: जड फ्लायव्हील, म्हणजे गाडी पटकन बंद पडत नाही, रेडिएटर फॅन आणि गार्ड, स्किड प्लेट, हँडगार्ड, १८ इंची मागचं चाक आणि आपल्या वजनाला योग्य स्प्रिंग. गिअरिंगसाठी मागच्या स्प्रॉकेटला दोन-तीन दात वाढवा. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे जवळजवळ चार वाढवण्यासारखं, पण त्याने चेन आणि स्लायडर लवकर जातात. जंगलवाटांवर २५० पुरे, ४५० ची ताकद हातांना दमवते. आमचं मत विचाराल तर याच पैशात रॅली किट लावलेली एक्सपल्स जास्त दिवस आणि जास्त आनंदात चालते, आणि ती चालवत घरी आणता येते. येऊरच्या जंगलात मात्र कोणतीच गाडी घालू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो.

पैसे गेलेच असतील, तर चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चासी नंबराचा फोटो आधी जपून ठेवा, कारण जाहिरात पहिल्याच दिवशी काढली जाते. ऑनलाइन गेलेल्या रकमेसाठी लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढच्या खात्यात सरकतात. रोखीसाठी गाळा ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे लेखी तक्रार द्या. कळव्याच्या तरुणाकडे रोख २,८५,००० ची पावती नव्हती. इंजिन सुटं करून खोक्यात ठेवलं आहे आणि व्हॉल्व्ह, सीट, पिस्टन आणि केस बाहेरून मागवायचे की गाडी पार्टमध्ये विकायची, ते अजून ठरलेलं नाही.