मोटारीच्या खिडकीवरची बीनबॅग

किनाऱ्यालगतच्या रस्त्याने रमतगमत जाताना, मनात येईल तिथे थांबून पक्षी टिपायचे असतील, तर ट्रायपॉडपेक्षा खिडकीवर टाकायची बीनबॅग, म्हणजे कॅमेरा टेकवायची दाणे भरलेली पिशवी, कितीतरी उपयोगी पडते. कारण गाडीतून माणूस उतरताना दिसताच उडून जाणारे चिखल्या आणि तुतवार हे पक्षी थांबलेल्या गाडीकडे बहुधा दुर्लक्ष करतात. मी घेतलेली पिशवी खोगिरासारखी दोन कप्प्यांची असून, काच पूर्ण खाली करून ती दाराच्या कडेवर बसवली की ४०० मिमीची लेन्स तिच्यावर निश्चिंत विसावते. इंजिन मात्र बंद हवे, नाहीतर त्याची थरथर थेट छायाचित्रात उतरते. भरतीच्या पाण्यापुढे सरकत एक तुतवार रस्त्याजवळ आला, तेव्हा त्याच्या चोचीला चिकटलेला वाळूचा कणही स्पष्ट टिपता आला. (भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, हे ध्यानात ठेवूनच थांबे ठरवावेत.) तक्रार आहे ती चेनबद्दल: खाऱ्या हवेने ती तिसऱ्याच दिवशी अडकू लागली. शिवाय आत भरलेले धान्य दमट होऊन पिशवी जड झाली, म्हणून पुढे प्लॅस्टिकचे दाणे भरले. उडत्या पक्ष्यांसाठी कॅमेरा हातातच बरा.