वरकसाला तीळ की कारळे?

त्र्यंबकच्या पश्चिमेला आमची दोन एकर वरकस आहे. उताराची जमीन, वरच्या अंगाला नुसता मुरूम. नागली निघाली की पुढच्या खरिपात तिथे गळिताचं, म्हणजे तेलबियांचं, काय घ्यायचं, हा विषय दर आषाढात घरी निघतो. तीळ आम्ही चार वर्षं केला, कारळे तीन वर्षं. आमच्याकडे कारळ्याला खुरासणी म्हणतात. सूर्यफूल-करडईच्याच कुळातलं हे पीक मूळचं इथिओपियाच्या डोंगराळ भागातलं. यंदा ज्यांना दोन्हींतून एक निवडायचं आहे, त्यांच्यासाठी लिहितोय.

पैशाकडे पाहिलं तर तीळ पुढे, हे आधीच सांगतो. तिळात साधारण 45 ते 50 टक्के तेल, कारळ्यात 35 ते 40. संक्रांतीच्या तोंडावर तीळ घरूनही उचलला जातो, कारळ्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं. पण हमीभावातलं अंतर बघा. 2023-24 मध्ये क्विंटलला तीळ 8,635 रुपये आणि कारळे 7,734. 2025-26 मध्ये तीळ 9,846 आणि कारळे 9,537. नऊशेचा फरक तीनशेवर आलाय. हमीभावाने माल जातोच असं नाही, पण व्यापाऱ्याशी बोलताना हा आकडा तोंडात असलेला बरा.

मग आम्ही तीळ का सोडला? परतीच्या पावसामुळे.

जूनअखेर पेरलेला तीळ घटस्थापनेच्या आसपास कापणीला येतो. त्याचं बोंड टोकाकडून उकलतं, म्हणून पूर्ण वाळायची वाट बघता येत नाही. खालची बोंडं पिवळी पडली की कापायचं आणि पेंढ्या खळ्यावर उभ्या करून वाळवायच्या. शेवटच्या वर्षी तशा उभ्या केल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. धावत जाऊन ताडपत्री टाकली. पाऊस चार दिवस हटला नाही. ताडपत्री काढली तेव्हा आतून गरम, आंबूस वाफ आली. पेंढी उलटी करून झटकली तर एरवी सरसर पडणारा तीळ बोंडातच चिकटून बसलेला, दाणे काळपट, कित्येकांना पांढरे मोड फुटलेले. आई बराच वेळ तो तीळ हातात घेऊन बसली होती. ज्यांच्याकडे पक्की शेड आहे त्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल. आमच्याकडे नाही.

कारळे इथेच सोयीचं पडतं. जुलैअखेर, अगदी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं तरी चालतं. एकरी दोन किलो बियाणं पुरतं. भाताची लावणी उरकली की निवांत पेरणी करता येते आणि कापणी दिवाळीच्या पुढे-मागे, आभाळ मोकळं झाल्यावर. त्याचंही बोंड फार वाळलं तर दाणा गळतो, म्हणून आम्ही पहाटे दंव असताना कापतो. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाची कटकटही कमी.

अडचणी त्यालाही आहेत. अमरवेल ही मोठी. ती बियाण्यातूनच शेतात येते, म्हणून घरचं बी बारीक चाळणीने चाळून घ्या आणि पिवळा धागा दिसला की वेढलेल्या झाडासकट उपटून टाका, फुलावर येऊ देऊ नका. दुसरं म्हणजे कारळ्याला मधमाशी लागतेच. त्याचं फूल स्वतःच्या परागाने धरत नाही. फुलोऱ्यात दिवसा फवारणी केली की दाणा पोचट निघतो, हे आम्ही एकदा भोगलंय. वाण म्हणून इगतपुरीच्या संशोधन केंद्राचा फुले कारळा आम्हाला मानवला.

जमीन मध्यम, निचऱ्याची असेल आणि पाऊस बेताचा असेल, तर तीळ जरूर करा. त्याला नावं ठेवावीत असं ते पीक नाही. पण घाटमाथ्याच्या पावसातली वरकस असेल तर माझा कल कारळ्याकडे आहे. यंदा आम्ही दोन्ही एकर खुरासणीच टाकतोय, आणि घरच्या चटणीपुरता तीळ बांधाच्या कडेने दोन ओळी.