झोप आणि स्ट्रेसवाली हर्बल कॅप्सूल: डबीवर संशोधन आहे, पण उसनं

हा रिव्ह्यू त्या 'शांत झोप, शांत मन' टाइपच्या हर्बल कॅप्सूलचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण असाच फॉर्म्युला, असंच हिरवं पान आणि असाच चंद्र छापलेल्या कितीतरी डब्या वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि माझी तक्रार एका कंपनीपेक्षा या अख्ख्या प्रकाराबद्दलच आहे. आधीच सांगून टाकते, पाचपैकी दोन स्टार. त्यातला एक झाकणाला. दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही, घरात लहान मुलं असतील तर ही फार कामाची गोष्ट आहे आणि अख्ख्या प्रॉडक्टमध्ये एवढं एकच काम कोणीतरी मनापासून केलंय असं वाटलं.

डबीवर मागच्या बाजूला लिहिलेलं असं: मॅग्नेशियम ऑक्साइड, अश्वगंधा, व्हॅलेरियन (एका वनस्पतीचं मूळ), एल-थिआनिन, कॅमोमाइल (एक फूल), आणि शेवटी मेलाटोनिन. या सगळ्याला मिळून एकच आकडा, 'प्रोप्रायटरी ब्लेंड ८५० मिलिग्रॅम', तोही दोन कॅप्सूलचा मिळून. कुठली गोष्ट किती, काही पत्ता नाही. मी कस्टमर केअरला साधा प्रश्न विचारला की बाबा यात अश्वगंधा किती मिलिग्रॅम आहे, तर उत्तर आलं फॉर्म्युला गोपनीय आहे पण सगळे घटक शंभर टक्के नैसर्गिक आहेत. अरे पण मी ते विचारलंच नव्हतं!

आता हे गोपनीय प्रकरण आपण स्वतःच थोडं सोडवू शकतो, फक्त बेरीज यायला हवी. ज्या अभ्यासांच्या जोरावर या डब्या विकल्या जातात त्यात अश्वगंधेचा अर्क बहुतेक वेळा दिवसाला ६०० मिलिग्रॅम दिलेला असतो. २०१२ चा एक अभ्यास तर सगळेच वापरतात, ६४ स्ट्रेस असलेली माणसं, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस, आणि शेवटी रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे स्ट्रेसचा हार्मोन, साधारण २८ टक्क्यांनी कमी झालं. थिआनिनचा नेहमीचा डोस २०० च्या आसपास. व्हॅलेरियन ३०० ते ६००. म्हणजे अगदी कमीत कमी धरलं तरी ११०० झाले, आणि मॅग्नेशियम, कॅमोमाइल अजून मोजलेलंच नाही. ८५० मध्ये हे बसणार कसं? नाहीच बसत. म्हणजे काहीतरी नावापुरतं टाकलंय, आणि अमेरिकेत तरी असा नियम आहे की अशा ब्लेंडमध्ये जे सगळ्यात जास्त ते आधी लिहायचं, तो इथे पाळला असेल तर सगळ्यात जास्त काय आहे ते बघा, मॅग्नेशियम ऑक्साइड. ही मॅग्नेशियमची सगळ्यात स्वस्त प्रकारातली आवृत्ती, वजनाच्या ६० टक्के मॅग्नेशियम असतं म्हणून लेबलवर आकडा छान दिसतो, पण आतड्यात शोषलं जातं फार कमी आणि उरलेलं पाणी खेचून पोट साफ करतं. शांत झोपेसाठी घेतलेली गोळी आणि मध्यरात्री बाथरूमकडे धाव, हा अनुभव रिव्ह्यूजमध्ये बऱ्याच जणांनी लिहिलाय आणि तरी पाच स्टार दिलेत, का ते देव जाणे. ज्यांना मॅग्नेशियमच हवंय त्यांच्यासाठी सायट्रेट किंवा ग्लायसिनेट जास्त चांगलं शोषलं जातं, आणि अमेरिकन मार्गदर्शनात सप्लिमेंटमधून मोठ्या माणसासाठी ३५० मिलिग्रॅमची वरची मर्यादा दिलेली आहे. किडनीचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय नकोच, कारण जादाचं मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं.

माझा मुख्य राग इथे आहे. डबीवर 'संशोधनाने सिद्ध' असं ठसठशीत छापलंय, पण ते संशोधन या कॅप्सूलवर झालेलंच नाही. ते झालंय दुसऱ्याच कोणाच्यातरी अर्कावर, वेगळ्या डोसवर, एकेकट्या घटकावर. शेजाऱ्याचे मार्क दाखवून स्वतः ॲडमिशन घेण्यासारखं आहे हे. अश्वगंधेचंच बघा ना, एक अर्क फक्त मुळाचा असतो, दुसरा मूळ आणि पानं दोन्हींचा, विथॅनोलाइड नावाच्या घटकांचं प्रमाण एकात ५ टक्के तर दुसऱ्यात १०, आणि तिसऱ्या डबीत साधी मुळाची पावडर भरलेली. तिन्हींवर नाव एकच, अश्वगंधा. माझ्या डबीवर यातलं काय आहे हे लिहिलेलंच नाही, मग कुठला अभ्यास कुठे लावायचा? वर हे अभ्यास ५०-६०-७० माणसांचे, दोन अडीच महिन्यांचे, आणि कित्येकदा अर्क बनवणाऱ्यांच्याच पैशातून झालेले. म्हणून ते खोटे असं नाही म्हणत मी, उलट अश्वगंधा हा या यादीतला त्यातल्या त्यात दम असलेला घटक आहे असंच माझं मत, पण 'थोडीफार आशा आहे' आणि 'सिद्ध' यात फरक असतो की नाही.

आणि अश्वगंधेची दुसरी बाजू डबीवर एका ओळीनेही नाही. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून पाच पेशंट नोंदवले, अश्वगंधेच्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला इजा, कावीळ, अंगाला खाज. औषध बंद केल्यावर बरे झाले, आणि अशा केसेस विरळ आहेत हेही खरं, पण डोळे पिवळे दिसायला लागले किंवा लघवी गडद झाली तर गोळी आधी बंद करून डॉक्टरकडे जायचं एवढं तरी माहीत हवं ना माणसाला. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये अश्वगंधेवर सरळ बंदीच घातली. थायरॉइडच्या हार्मोनवरही ती परिणाम करते, एका छोट्या अभ्यासात हार्मोन वाढलेले दिसले, त्यामुळे थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्याने परस्पर सुरू करू नये. प्रेग्नन्सीत तर नाहीच.

व्हॅलेरियनबद्दल फार नाही लिहीत. वास भयंकर, घामेजलेल्या मोज्यांचा, डबी उघडली की खोलीभर. अभ्यास पुष्कळ झाले पण निकाल इकडचे तिकडे, आणि अमेरिकन झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या गाइडलाइनमध्ये निद्रानाशासाठी व्हॅलेरियन वापरू नका असंच सुचवलंय, मेलाटोनिनही त्याच यादीत. पुरावा कमकुवत असल्याने सल्लाही कमकुवत असं त्यांनीच म्हटलंय, पण सल्ला 'नको' असाच आहे. कॅमोमाइल आणि थिआनिन निरुपद्रवी वाटतात मला, थिआनिन चहाच्या पानातलं अमिनो आम्ल, थोडं रिलॅक्स वाटतं म्हणतात, ठीक आहे.

मेलाटोनिनवर मात्र बोलायलाच हवं कारण डबीवर 'सगळं वनस्पतीतून' असं पुढे आणि मागे बारीक अक्षरात मेलाटोनिन. हा हार्मोन आहे हो, मेंदूतली पिनियल ग्रंथी अंधार पडला की सोडते तो. गोळीतला बहुधा लॅबमध्येच बनवलेला असतो. त्यात वाईट काही नाही, पण मग पानाचं चित्र कशाला? किती फायदा म्हणाल तर २०१३ मध्ये १९ अभ्यास एकत्र करून बघितलं, जवळजवळ १७०० माणसं, तर झोप लागायला लागणारा वेळ सरासरी ७ मिनिटांनी कमी आणि एकूण झोप ८ मिनिटांनी जास्त. सात मिनिटं! जाहिरातीतली बाई ज्या पद्धतीने सकाळी आळोखेपिळोखे देते ते बघून मला वाटलं होतं तीन तास तरी वाढत असतील. ज्यांचं शरीराचं घड्याळच सरकलंय, म्हणजे लांबच्या विमानप्रवासानंतर वगैरे, त्यांना त्याचा उपयोग जास्त, पण तिथेही किती वाजता घेतलं याला महत्त्व, जेवढं जास्त तेवढं चांगलं असं अजिबात नाही.

बरं, लेबलवर जेवढं लिहिलंय तेवढं तरी आत असतं का? २०२३ मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ प्रकारच्या गमी (चघळायच्या गोळ्या) तपासल्या, त्यातल्या २२ चं लेबल चुकीचं निघालं, लिहिलंय त्याच्या ७४ टक्क्यांपासून ते ३४७ टक्क्यांपर्यंत, आणि एकात तर मेलाटोनिन नव्हतंच. शिवाय तिकडे १९९४ च्या कायद्याने सप्लिमेंट विकण्याआधी ते परिणामकारक आहे हे सरकारला सिद्ध करून दाखवावं लागत नाही, औषधाला लागतं तसं. म्हणून यूएसपी किंवा एनएसएफ सारख्या बाहेरच्या संस्थेचा तपासणीचा शिक्का असलेली डबी घेणं बरं, त्याने गोळी लागू पडेल याची खात्री मिळत नाही, पण लिहिलंय तेच आत आहे एवढं कळतं. माझ्या डबीवर एक सोनेरी शिक्का होता खरा, भिंग घेऊन वाचला, 'प्रीमियम क्वालिटी' लिहिलेलं. म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेला.

आता तुम्ही म्हणाल एवढं सगळं बोललीस पण झोप लागली का ते सांग. लागली. सुरुवातीला तर मस्त लागली. पण गोळीबरोबरच मी संध्याकाळची कॉफी बंद केली होती आणि फोन बेडरूमच्या बाहेर चार्जिंगला लावायला लागले होते, डबीतल्या पत्रकातच तसं करायला सांगितलंय. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना अजून जास्त, मग संध्याकाळची कॉफी गेल्यावर झोप सुधारणारच की. गोळी संपल्यावर बाकीचं तसंच चालू ठेवलं आणि झोपेत काही म्हणजे काही फरक पडला नाही. त्यामुळे ते पत्रक मला फार आवडलं, दुसरा स्टार त्याचा.

प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीनेही बरं वाटतं त्याचा, भाग असेल का? असेलही, आणि त्याला मी कमी लेखत नाही. २०१० चा एक अभ्यास आहे, आयबीएसवाल्या, म्हणजे वारंवार पोट बिघडण्याचा त्रास असलेल्या, ८० पेशंटपैकी काहींना उघड सांगून दिलं की ही नुसती प्लासिबो गोळी आहे, यात औषध नाही, तरी ५९ टक्क्यांना पुरेसं बरं वाटलं, काहीच न दिलेल्यांमध्ये ३५ टक्के. म्हणजे घ्यायची वेळ, कोणीतरी विचारपूस करणं, आपण काहीतरी करतोय ही भावना, याचाही परिणाम होतो. पण त्यासाठी लिव्हरवर ताण येऊ शकेल असं काही गिळायची गरज आहे का, हा माझा प्रश्न. रिव्ह्यूजमध्ये 'पहिल्याच रात्री अश्वगंधेने जादू केली' असं लिहिणाऱ्यांना तर विचारावंसं वाटतं की ज्या अभ्यासात फरक दिसायला आठवडे लागले तो तुम्हाला चार तासात कसा दिसला.

ज्यांचा निद्रानाश खरंच जुना आहे, महिनोन् महिने चाललाय, त्यांच्यासाठी अमेरिकन फिजिशियनांच्या कॉलेजने २०१६ मध्ये पहिला उपाय म्हणून सीबीटी-आय सांगितलाय, म्हणजे निद्रानाशासाठीची खास वर्तन थेरपी. झोप आली नाही तर अंथरुणात लोळत पडायचं नाही, उठायची वेळ रोज एकच, सुरुवातीला अंथरुणातला वेळच कमी करायचा. सुरुवातीचे दिवस अगदी वैताग येतो त्यात, दिवसा पेंगुळल्यासारखं होतं, आणि मोहक डबी वगैरे काही नाही म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही. पण गोळीपेक्षा त्याचा परिणाम टिकतो.

एक शेवटचं, कारण कमेंटमध्ये कोणीतरी 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' असं लिहिणारच. या कॅप्सूलमध्ये नाहीये, पण अशाच 'मूड'वाल्या मिश्रणांत सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती असते. सौम्य ते मध्यम डिप्रेशनमध्ये तिचा उपयोग होतो याला बऱ्यापैकी पुरावा आहे, कॉक्रेन या अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात २९ अभ्यास होते. म्हणजे कामाची वनस्पती. आणि काम करते म्हणूनच धोकाही तेवढाच खरा, लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाइम ती इतकी जागी करते की २००० सालच्या एका अभ्यासात एचआयव्हीवरच्या इंडिनावीर या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, अवयव बदललेल्यांची औषधं, सगळ्यांवर तिचा असा परिणाम होऊ शकतो, आणि डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. तेव्हा डॉक्टर 'कुठली औषधं चालू आहेत' विचारतात तेव्हा हर्बल डबीही सांगा, जमलं तर लेबलचा फोटोच दाखवा, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण व्हॅलेरियनसारख्या गोष्टी भुलेच्या औषधांची गुंगी वाढवू शकतात.