केनिया: बलात्कारानंतर आधी दवाखाना की आधी पोलीस?

दोन्ही वाटा खुल्या आहेत, पण घड्याळ बघायचं तर दवाखाना आधी. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि पुढे २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणूनच्या गोळीला १२० तासांची मुदत, तीही जितकी लवकर तितकी बरी. उपचारांसाठी पोलिसांचा कागद लागत नाही. दवाखान्यातच पीआरसी फॉर्म (बलात्कारानंतरच्या तपासणीची आणि उपचारांची नोंद) तीन प्रतींत भरतात: एक पोलिसांसाठी, एक पीडितेसाठी, एक दवाखान्याची.

आधी पोलिसांकडे गेलं तर तक्रार ओबी वहीत (ठाण्यातल्या घटनांच्या नोंदवहीत) चढते, तिचा क्रमांक मिळतो (तो लिहून घ्यावाच) आणि पी३ फॉर्म (वैद्यकीय तपासणीचा पोलिसांचा फॉर्म) मिळतो. मात्र त्यातला वैद्यकीय भाग दवाखान्यातच भरला जातो. म्हणजे तिथली फेरी चुकत नाही. हल्लेखोर अजून आसपास असेल तर अर्थात आधी पोलीस.

एरवी ठाण्यातल्या ताटकळण्यात पुरावा निसटतो. तपासणीपर्यंत अंघोळ टाळावी. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल धरते नि नमुने खराब होतात. अंघोळ झालीच असेल तरी जावं, औषधं तर मिळतातच.