विश्रामबागेतलं समुपदेशन: निर्णय देत नाहीत, पण चिडचिड कुठून येते ते दाखवतात

सांगलीत विश्रामबागेत एक समुपदेशक मॅडम बसतात. या वर्षी मी त्यांच्याकडे जाते आहे. त्यांना जाहिरात नको आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण अशा ठिकाणी नेमकं काय मिळतं ते सांगायलाच हवं.

मला आजार असा काही नव्हता. चिडचिड होती आणि ती थांबत नव्हती. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. तिथे दिवसभर डोकं शांत, घरात पाऊल टाकलं की कुणी साधं काही विचारलं तरी भडका. घर गावभागात, जुना वाडा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तिथली धोका पातळी ४५ ची. आमच्या स्वयंपाकघरात ओटा पाण्याखाली होता. २०२१ ला परत तेच. तेव्हापासून विजयनगरला फ्लॅट घ्यायचं चाललंय. बोलणी होतात, सगळे हो म्हणतात, आणि टोकन द्यायची वेळ आली की मोडतं. सासूबाई वाडा सोडायला तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझंही मन धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

मॅडमनी सल्ला दिला नाही. एका कागदावर चार चौकोन आखले: वाड्याचं हवंसं, वाड्याचं नकोसं, फ्लॅटचं हवंसं, फ्लॅटचं नकोसं. वाड्याच्या नकोशात मी लिहिलं, पुलाची पातळी पस्तिसावर गेली की धान्याचे डबे माळ्यावर चढवायचे, आणि पुरात फुगलेलं फडताळ, ज्याचं दार अजून बसत नाही. फ्लॅटच्या नकोशात हप्ता. चारही चौकोन भरले. मग त्यांनी सांगितलं की कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकातच अशा ओढाताणीचे प्रकार वेगळे करून दाखवले होते. दोन चांगल्यातलं एक निवडणं त्यामानाने सोपं. दोन्ही गोष्टी हव्याही आणि नकोही असतात, तेव्हा माणूस अडकतो. नील मिलर यांनी १९४४ मध्ये पुढची गोष्ट मांडली: गोष्ट लांब असते तोवर तिची ओढ जास्त वाटते, पण जसजसं जवळ जावं तसतशी भीती ओढीपेक्षा भराभर वाढते. म्हणून लांबून फ्लॅट छान वाटतो आणि साठेखताची तारीख आली की पाय मागे येतो. आमच्या धरसोडीवर नातेवाइकांनी किती ऐकवलं होतं! हे ऐकल्यावर माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

रागाचंही असंच. वाट अडली की राग येतो, आणि ज्याने अडवलं त्याच्यापर्यंत पोचता येत नसेल तर तो जवळच्यावर निघतो, असं येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९३९ मध्ये मांडलं होतं. त्यात मिलरही होते. वैफल्यातून रागच येतो असं नाही, दुसरंही काही होऊ शकतं, अशी दुरुस्ती त्यांनी १९४१ मध्ये केली. मला ती दुरुस्ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण उपाय तिथेच आहे. कृष्णेवर ओरडता येत नाही, बँकेवर ओरडता येत नाही. समोर असतात सासूबाई.

उपाय अगदी साधा सांगितला. घराचा विषय फक्त रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, कागद समोर ठेवून. इतर दिवशी कुणी काढायचा नाही. पहिल्या काही रविवारी सासूबाई नुसत्या बसून राहिल्या. मग एकदा माझ्याकडून पेन घेतलं आणि फ्लॅटच्या नकोशात लिहिलं, 'लिफ्ट'. म्हणाल्या, "बंद पडली तर मला कोण काढणार गं?" एवढी वर्षं आम्ही धरून चाललो होतो की त्यांचा जीव वाड्यात अडकलाय. आता तळमजल्यावरचा फ्लॅट शोधतोय. घेऊच असं अजून नाही, पण रोजची जेवणं शांत होतात.

काही गोष्टी मात्र खटकल्या. पन्नास मिनिटांचे ७०० रुपये आमच्यासारख्यांना जड आहेत. वेळ फक्त दिवसाची, म्हणजे नोकरी करणाऱ्याने अर्धी रजा टाकायची. खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे सासूबाईंना नेता आलं नाही. बसायचा बाक जिन्यासमोर आहे. सांगलीत ओळखीचं कुणी ना कुणी दिसतंच, आणि "इथं कशाला?" हा प्रश्न येतोच. एक पडदा लावला तरी खूप होईल.

'घेऊ का नको' याचं उत्तर एका बैठकीत हवं असेल तर तिथे जाऊन निराशाच होईल. झोप-जेवण उडालंय, जगणं नकोसं झालंय असं असेल तर मॅडम स्वतःच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. पैशाची किंवा वेळेची अडचण असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जाण्याआधी आपल्याला काय हवंय आणि काय नकोय ते घरीच कागदावर उतरवून न्या, पहिल्या बैठकीचा बराच वेळ वाचतो.